बाटलीतली हवा

"श्वास धरलास," मास्तर म्हणाले आणि सही न करताच त्यांनी पेन खिशाला लावलं.

तलावाच्या काठावर निथळत उभी होती ती त्यांची बायको. पाणबुड्यांच्या त्याच शाळेच्या कचेरीत कारकून, वय अठ्ठेचाळीस. चार मीटरवरून वर येताना तिच्या तोंडचे बुडबुडे थांबले होते, जेमतेम तीन सेकंद.

"घरची आहे म्हणून तरी चालवून घ्या."

"घरची आहे म्हणूनच नाही."

बाकीचे शिकाऊ हसले. पास झालेल्यांना समुद्रात नेणारी मोसमातली शेवटची बोट उद्या दुपारी सुटणार होती. त्याआधी, सकाळी, तिला परीक्षेची आणखी एक संधी होती.

मास्तर पाणबुड्यांना वायूंचे नियम शिकवत. सहा वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या कानाचा पडदा गेला आणि डॉक्टरांनी पाण्यात उतरणं कायमचं बंद केलं. उरला फळा आणि तेच ते बोलणं : दहा मीटर खाली दाब दुप्पट, हवा निम्मी; वर येताना हीच हवा फुगते, तेव्हा श्वास धराल तर फुप्फुस फाटेल. बायकोनं हे जेवताना शेकडो वेळा ऐकलं होतं. खाली कसं असतं, हे मात्र कान गेल्यापासून ते कधी बोलले नव्हते. म्हणून तिनंच वर्गात नाव घातलं होतं.

संध्याकाळी ती घुश्शातच भांडी घासत होती, तरी सवयीनं गुणगुणत होती. मास्तर दारात थबकले.

"वर येताना अस्संच कर. गुणगुणताना श्वास धरता येत नाही."

"इतकी वर्षं बेसूर म्हणत होतात."

"खाली कोण ऐकतंय?"

सकाळी तिनं परीक्षा पुन्हा दिली. मास्तरांनी बुडबुडे शेवटपर्यंत पाहिले आणि सही केली.

दुपारी ती समुद्रात उतरली. मास्तर बोटीच्या कडेला बसून राहिले. बऱ्याच वेळानं बुडबुड्यांची माळ बोटीजवळ वर येऊ लागली. ती कुठेच तुटली नाही. पाठोपाठ तिचं डोकं वर आलं. तिनं जाकिटाच्या खिशातून प्लास्टिकची एक छोटी बाटली काढून त्यांच्या हातात दिली. दहा मीटरवर हवा भरून झाकण लावलेली, आता दगडासारखी टणक.

"खालची आहे," ती म्हणाली. "हळू उघडा, दाब दुप्पट आहे."

मास्तरांनी बाटली डाव्या, चांगल्या कानाशी धरली आणि झाकण किंचित सैल केलं. फस्स आवाज पूर्ण विरेपर्यंत ते हलले नाहीत. मग त्यांनी झाकण पुन्हा घट्ट लावलं.