वाळूचा गूळ

मित्रांनो, तुम्ही मला आज पाहिलंत तर म्हणाल, ही केवढी मोठी परात! पण परात म्हटलेलं मला मुळीच खपत नाही. मी कन्हेरी गावच्या आबाजींच्या गुऱ्हाळातली जुनी लोखंडी काहील आहे. माझ्यात उसाचा रस उकळायचा, त्याचा गूळ व्हायचा आणि त्याचा वास पार रस्त्यापर्यंत जायचा. गुऱ्हाळावर आलेला माणूस ओळखीचा असो वा नसो, आबाजी त्याला हाताला धरून बसवायचे, गरम गूळ द्यायचे. म्हणायचे, "हितनं कुणी रिकाम्या हातानं जात न्हाय." तेव्हा माझा तोरा काय विचारता!

मग गावचा ऊस साखर कारखान्याला जाऊ लागला. माझ्याखालचं चुलवाण विझलं. माझ्या बुडाला भोक पडलं आणि माझ्यात कोंबड्या अंडी घालू लागल्या. कुणी माझ्याकडे ढुंकून बघत नव्हतं.

एकोणीसशे छप्पन साली आबाजींच्या त्याच गुऱ्हाळाच्या छपरात बालवाडी सुरू झाली. बारामतीहून सिंधुबाई नावाच्या शिक्षिका आल्या. त्यांनी कोंबड्या हाकलल्या, मला घासलं, भोकात चिंधी कोंबली आणि माझ्यात ओढ्याची ओली वाळू भरली. मला रागच आला. रस उकळला त्या जागी वाळू! पण चार-पाच वर्षांची पोरं काठावर ओणवी झाली, त्यांचे चिमुकले हात माझ्या पोटात फिरू लागले, आणि माझा राग कुठल्या कुठे पळाला. फार लळा लागला मला त्यांचा.

सिंधुबाई पाटी-पेन्सिल देत नसत. मुलं वाळू थापायची, पाणी ओतायची, भांडायची, पुन्हा खेळायची. बाई जवळ बसून बघायच्या, विचारलं तरच बोलायच्या. गावाला हे काही पटेना. आबाजींची नात रतन त्याच पोरांत होती. एक दिवस ते तावातावानं आले.

"बाई, चिखलात लोळायला घरी जागा न्हाय व्हय? दसऱ्याच्या पाटीपूजनाला रतननं 'ग' काढला न्हाय, तर छपराला कुलूप आन् काहील मोडीत!"

बाईंचा चेहरा उतरला. तरी त्यांनी रतनचा हात धरून 'ग' गिरवून घेतला नाही. माझा जीव टांगणीला लागला. अहो बाई, एकच अक्षर आहे, घ्या की गिरवून!

दसऱ्याला आबाजी बैलगाडी आणि दोन गडी घेऊनच आले. पाट्यांवर सरस्वती काढली होती, झेंडू वाहिला होता. त्यांनी रतनच्या हाती कोरी पाटी दिली. तिनं भलामोठा गोल काढला.

"ह्यो 'ग' व्हय?"

"न्हाय आबा, ही आपली काहील हाय."

"उचला रं ती!" आबाजी कडाडले.

गड्यांनी माझ्या कड्या धरल्या, तशी रतन आडवी आली. "थांबा की! गूळ उतरायचाय."

मुलांचा गुऱ्हाळाचा खेळ चालला होता. तिनं करवंटीनं वाळूच्या ढेपा पाडल्या. पोरांना एकेक वाटली, गड्यांना दिली, बाईंना दिली. शेवटची तिच्यासाठी उरली. तिनं आबाजींकडे पाहिलं, ढेप मोडली आणि अर्धी त्यांच्या हातावर ठेवली.

"घ्या आबा. हितनं कुणी रिकाम्या हातानं जात न्हाय."

आबाजी माझ्या काठाशी तिच्याजवळ बसले.

सिंधुबाई हळूच म्हणाल्या, "सगळ्यांना एकेक, कमी पडलं तर अर्धं. हे मी शिकवलं नाही, आबाजी. तिच्या हातांनी शोधलं. अक्षरही येईल. घाई आपल्याला आहे, तिला नाही."

गड्यानं विचारलं, "आबाजी, काहील गाडीत घालायची न्हवं?"

वाळू सांडू नये म्हणून आबाजींनी मूठ जपून धरली होती. "दिसत न्हाय व्हय रं? गुऱ्हाळ चालू हाय."

मित्रांनो, आता मी गंजले आहे, पण वाळू अजून माझ्यात आहे. तुमच्या घरचं एखादं लहान मूल मातीत रमलेलं दिसलं, तर त्याला ओढून उठवू नका. जरा थांबा. त्याचा गूळ उतरायचा असेल.