माफीची डायरी

क्षमावाणीच्या दिवशी सकाळी पौर्णिमाने दुकानाचं शटर अर्धं वर ढकललं होतं, तोच खालून एक पांढरी टोपी आत आली. टोपीखाली लखमीचंद होते. वय चौऱ्याहत्तर, कंबर दुखते म्हणून देवळातसुद्धा खुर्ची मागणारा माणूस, पण आज शटर पूर्ण वर जाईपर्यंत थांबायला त्यांना सवड नव्हती. सदऱ्याच्या खिशातून त्यांनी रुमालात गुंडाळलेली एक वस्तू काढली आणि काउंटरवर अशी ठेवली की पौर्णिमाला वाटलं, आत पाखराचं पिल्लू असावं.

रुमालात निघाली डिजिटल डायरी. तळहातावर मावणारी, पुस्तकासारखी उघडणारी, आत बोटाच्या पेरापेक्षा लहान बटणं आणि वर राखाडी पडदा. पंचवीस वर्षांपूर्वी कारंज्याच्या बाजारपेठेत जो तो अशी डायरी खिशात मिरवायचा. मोबाईल आले आणि सगळ्यांच्या डायऱ्या भंगारात किंवा नातवंडांच्या खेळण्यांत गेल्या. लखमीचंदांची मात्र रोज मऊ कपड्याने पुसली जात होती. भांड्यांच्या दुकानात पियूषने, म्हणजे त्यांच्या मुलाने, कॉम्प्युटर आणला, बापाला चांगला मोठा मोबाईल घेऊन दिला, पण डायरीतलं मोबाईलमध्ये घालायला म्हातारा तयार नव्हता. मोबाईल सगळ्यांचं सगळ्यांना सांगतो, असं त्यांचं ठाम मत होतं.

"कालपासून टूं टूं करून राह्यली," ते म्हणाले. "सेल संपत आले. पन पोरी, आतलं एक अक्षर जाता कामा नाही. आज क्षमावाणी हाय."

पौर्णिमाला क्षमावाणी ठाऊक होती. तिचं घर बौद्ध, पण दुकान जैन मंदिराच्या वाटेवर, त्यामुळे पर्युषणाचे दहा दिवस संपले की या दिवशी येणारेजाणारे तिच्याहीपुढे हात जोडून 'उत्तम क्षमा' म्हणत. वर्षभरात ज्याला दुखावलं त्याची माफी मागायची, मागेल त्याला द्यायची आणि मन मोकळं करायचं. साधी गोष्ट. लखमीचंदांनी ती साधी राहू दिली नव्हती, एवढंच.

डायरीत एक गुप्त कप्पा होता, आकडे दाबल्याशिवाय न उघडणारा. त्यात लखमीचंदांची भांडणं होती. कोणाशी वाजलं की घरी येऊन हातपाय धुवायच्या आधी ते नोंद करत: नाव, नंबर, कारण, आणि शेवटी चूक कोणाची. क्षमावाणीच्या दिवशी यादी उघडून एकेकाला फोन लावायचा, माफी मागायची किंवा देऊन टाकायची. आणि नोंद? नोंद तशीच. एकही कधी पुसली नाही. तारामती, त्यांची बायको, म्हणायची की ही माफी मागायची यादी नव्हे, भांडणं नासू नयेत म्हणून भरून ठेवलेली बरणी आहे. एकशे त्रेसष्ट नोंदी होत्या. त्यांतल्या एकशे बासष्ट नोंदींपुढे इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, 'चूक त्याची'.

'चूक माझी' अशी नोंद एकच होती. शालिग्राम, धनज.

शालिग्राम धनजच्या शाळेत मास्तर होता. तीस वर्षं आठवडी बाजाराच्या दिवशी लखमीचंदांच्या दुकानात येऊन बसायचा, तासन्‌तास गप्पा मारायचा, एक चमचाही विकत न घेता जायचा, आणि तरी तो गेला की दुकान रिकामं वाटायचं. मग पियूषचं लग्न निघालं. लग्न लागलं दुपारी, जैनांघरचं जेवण सूर्य मावळायच्या आत आटोपलं, आणि शालिग्राम घरच्यांना घेऊन आला तो आठ वाजता. जीप बंद पडली होती, हे नंतर कळलं. दिवसभर पाहुण्यांनी पिळून काढलेले लखमीचंद भर मांडवात सगळ्यांसमोर म्हणून गेले, "मास्तर, लगनाची येळ कायले सांगतली तुले, जेवनाचीच सांगा लागत होती." दोघंतिघं हसलेही. शालिग्राम बायकापोरांसकट आल्या पावली परत गेला. त्यानंतर त्याने बाजारही दुसऱ्या गावी करायला सुरुवात केली.

त्या वर्षापासून दर क्षमावाणीला पहिला फोन त्यालाच. बारा वर्षं, बारा फोन. दर वेळी कोणी बाई उचलायची, सून असावी. लखमीचंदांचा आवाज तिथे निम्मा व्हायचा. शालिग्रामचं नाव घ्यायची हिंमत व्हायची नाही, म्हणून एका दमात सांगून टाकत: मी कारंज्याचा लखमीचंद, त्याईले सांगा, लय चुकलं माहं, उत्तम क्षमा. बाई म्हणायची, सांगते. पण शालिग्रामचा उलटा फोन कधी आला नाही, तोही आला नाही. बारा वेळा माफी मागूनही ज्याचं मन वितळत नाही त्याच्या दारी जायचं कुठल्या तोंडाने? म्हातारा मनातून फार खचला होता. आज तेरावा फोन करायचा होता आणि नेमकी आजच डायरी मरायला टेकली होती.

हे सगळं ऐकत पौर्णिमाने भिंग डोळ्याला लावलं. आत दोन मोठे सेल असतात, चालवायचे, आणि एक छोटा, आठवण जपायचा. मोठे काढले तर छोटा सांभाळतो, छोटा काढला तर मोठे. तिन्ही एकदम निघाले की पंचवीस वर्षं साफ. तिने डायरी उघडून, तिरकी करून उजेडात धरली.

"काकाजी, पडद्यावर एक उभी रेघ गेली हाय की."

ती जुनीच आहे, लखमीचंद म्हणाले. लग्नाच्याच वर्षी पावसाळ्यात गेली, नडत नाही. पौर्णिमा म्हणाली, उघडतेच आहे तर तीही करून देते. पडद्याच्या आणि सर्किटच्या मधे रबराची पट्टी असते, तिच्यावर मळ बसला की पडद्यावरची तेवढी रेघ उमटतच नाही, स्पिरिटने पुसली की येते. फक्त त्यासाठी सेलांची बैठक हलवावी लागेल. हे ऐकून लखमीचंदांनी स्टुलाच्या दोन्ही कडा घट्ट धरल्या.

तिने पेन्सिल सेलची जोडी घेतली, तिला दोन बारीक वायरी लावल्या आणि डायरीच्या सर्किटला बाहेरून आधार दिला. विजेवरच्या मशीनने का नाही, असं त्यांनी विचारलं, तर ती म्हणाली, कारंज्याच्या लाइनीवर एकशे त्रेसष्ट माणसं सोपवू का? ते त्यांना पटलं. पुढची वीस मिनिटं ते वायरींकडे बघत राहिले. एक गिऱ्हाईक मिक्सर घेऊन आलं, त्याला त्यांनीच परस्पर दुपारी यायला सांगितलं. पंखा लावू दिला नाही. पौर्णिमाला शिंक आली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर असे भाव आले की बिचारीने ती गिळली.

मग नवे सेल बसले, वायरी निघाल्या, बटण दाबलं, आणि पडद्यावर अक्षरं ताज्या छापलेल्या पानासारखी काळीभोर उमटली. लखमीचंदांनी एका हाताचा आडोसा करून गुप्त आकडे दाबले. यादी होती. सगळी भांडणं जिथल्या तिथे होती. त्यांनी समाधानाने शालिग्रामचं पान उघडलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"पोरी, नंबर बदलला तुनं."

असं होतच नाही, ती म्हणाली. होतं, ते म्हणाले, बारा वर्षं लावून हा नंबर मला पाठ आहे, शेवटी तीन आहे, इथे आठ दिसतो. एका आकड्यासाठी दोघांची चांगली जुंपली. आणखी दोन वाक्यं झाली असती तर एकशे चौसष्टावी नोंद पडली असती. पण पौर्णिमा बोलता बोलता थांबली. मागचं झाकण अजून लावलेलं नव्हतं. तिने अंगठ्याने कडेची पट्टी जरा सरकवली. पडद्यावरची एक उभी रेघ नाहीशी झाली, नेमकी शेवटच्या आकड्याच्या डाव्या अंगाची. इंग्रजी आठाची डावी बाजू गेली, आणि उरला स्वच्छ, निर्दोष तीन.

तिने अंगठा उचलला. आठ.

"अजून एकदा कर," लखमीचंद म्हणाले.

तीन. आठ. तीन. आठ. त्यांनी तिला सात वेळा करायला लावलं. आठव्यांदा स्वतःच्या अंगठ्याने केलं. मग ते स्टुलावर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली, आणि त्यांच्या पोटातून एक विचित्र आवाज निघाला. पौर्णिमा घाबरून पाणी आणायला वळली, तर ते हसत होते. "बारा वर्स," एवढंच त्यांना म्हणता येई, आणि पुन्हा हसू लोटे. ते पाहून तिलाही आवरेना. यादीत शेवटी आठ असलेले आणखी दोघं निघाले, एक मानोऱ्याचा, एक मंगरुळपीरचा. दोघांपुढे 'चूक त्याची' होतं. म्हणजे लखमीचंद ज्यांना दरवर्षी मोठ्या मनाने माफ करत होते, त्यांना त्याचा पत्ताच नव्हता, आणि त्यांचं काही अडलंही नव्हतं. हे लक्षात आल्यावर म्हाताऱ्याने काउंटरवर डोकं टेकवलं.

"मंग ते बाई कोन?" पौर्णिमाने डोळे पुसत विचारलं.

हा प्रश्न दोघांनाही सहन होण्यासारखा नव्हता. लखमीचंदांनी मोबाईल काढला, तीनवाला नंबर लावला, स्पीकर चालू केला.

"बोला, कारंजेवाले," बाईंचा आवाज आला. "यंदा उशीर केला तुमी. आमी वाटच पाहून राह्यलो."

त्या होत्या रिठद गावच्या सुंदरबाई. लखमीचंदांनी चुकत माकत, मधेच हसू दाबत, सगळं सांगितलं. मग सुंदरबाईंनी कोणाला तरी हाक मारली, आणि एक घोगरा आवाज फोनवर आला. भाऊसिंग, त्यांचे यजमान.

भाऊसिंगांचं म्हणणं असं होतं की पहिल्या वर्षी त्यांनी खूप डोकं खाजवलं. कारंज्याचा कोण लखमीचंद, त्याने आपलं काय केलं, काही आठवेना. सुंदरबाई म्हणाल्या, माणूस रडवेला होऊन बोलतो, काही तरी केलं असणार. तेव्हा त्यांनी माफ करून टाकलं. पुढे दरवर्षी फोन यायला लागला तेव्हा त्यांना वाटलं, भारीच मोठा गुन्हा दिसतो. "तुमचं पाहून म्याबी एकदोघाईले फोन लावले," ते म्हणाले. "माह्या भावाशी सात वर्सापासून बोलनं बंद होतं. ते चालू झालं."

फुकट माफी घेतल्याबद्दल लखमीचंदांनी भाऊसिंगांची रीतसर माफी मागितली. तीही मिळाली. सुंदरबाईंनी बजावलं की खरा माणूस सापडला म्हणून आमचा फोन बंद करायचा नाही.

आता आठवाला नंबर उरला. हसू ओसरलं होतं. एवढा वेळ नाचणारा त्यांचा अंगठा फोनच्या वर थांबून राहिला. बारा वर्षं शालिग्राम आपल्यावर रागावलेला आहे असं ते धरून चालले होते. त्याच्या बाजूने पाहिलं तर चित्र फार वाईट होतं: भर मांडवात अपमान केला, आणि बारा क्षमावाण्या गेल्या तरी ज्याच्या तोंडून शब्द फुटला नाही, असा मित्र. हा नंबर आता असेल का, माणूस तरी असेल का, हेही ठाऊक नव्हतं. पौर्णिमाने न विचारता त्यांच्यासाठी नंबर लावला आणि फोन त्यांच्या हातात दिला.

दुसऱ्या घंटीला फोन उचलला गेला.

"शालिग्राम," लखमीचंद म्हणाले. या वेळी नाव घेतलं. "मी लखमीचंद. लगनात बोललो ते लय चुकलं माहं. उत्तम क्षमा."

वाऱ्याचा आवाज आला, मग माणसाचा. "बारा वर्स लागले तुले?"

"तुह्या नंबरातला आठ मले तीन दिसत होता. रबरावर मळ बसला होता."

"कायच्या रबरावर?"

लखमीचंदांनी समजवायला सुरुवात केली. पट्टी, रेघ, डावी बाजू, रिठदच्या सुंदरबाई, तिथे मिळालेली माफी. ऐकता ऐकता पलीकडे मास्तरला खोकला आला, खोकल्यातून हसू फुटलं, आणि मग कारंजा आणि धनज या दोन गावी दोन म्हातारे एकाच वेळी इतके हसले की पौर्णिमाने स्पीकरचा आवाज कमी केला.

मग हसणं थांबलं.

"पोरगं मांगं लागलं होतं," शालिग्राम म्हणाला. "बाबा, हे सिम फेका, याले घरात रेंज येत नाही. म्या नाही फेकलं. म्हटलं, लखमीचंदाजवळ हाच नंबर हाय. क्षमावाणीच्या दिवशी वावरात जात नाही मी. सकाळपासून फोन घेऊन छतावर बसतो. तठी रेंज असते."

डायरीच्या झाकणाचे चार स्क्रू अजून लावायचे आहेत, असं पौर्णिमाने खुणेने दाखवलं, पण लखमीचंदांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते उठून उभे राहिले होते, टोपी घालत होते, उलटी.

"आता कोठी हायस?" त्यांनी विचारलं.

"छतावरच."

"मंग उतर खाली," लखमीचंद म्हणाले. "मी येऊन राह्यलो."