धुवणीचा मका

कोंबड्यांच्या औषधी खाद्याचा घाणा संपला की मिक्सरमधून पोतंभर कोरा मका फिरवायचा, म्हणजे यंत्राला चिकटलेलं औषध त्यात उतरतं. हा धुवणीचा मका पुढच्या औषधी घाण्यातच जिरवायचा. तोवर त्याचं पोतं तोंड खाली करून उभं. चिठ्ठी नाही, खूण नाही. गिरणीत सगळ्यांना ठाऊक होतं. नव्या हमालाला सोडून.

मिक्सर चालवणाऱ्याला गिरणीत मास्तर म्हणत. दुपारी तो पोतं शोधू लागला तेव्हा हा नवा, पन्नाशीचा टापटीप हमाल म्हणाला, "ते उलटं उभं होतं ते होय? परवाच सरळ करून साध्या मक्याच्या थप्पीला लावलं. काय हा गबाळेपणा!"

मास्तरनं थप्पी चाळली; ते पोतं उरलं नव्हतं. परवाचा साधा घाणा त्यानंच त्या थप्पीतून ओतला होता, आणि तो गेला होता थेट त्याच्या थोरल्या बहिणीच्या, ताईच्या कोंबड्यांना. विक्रीआधीचा आठवडा पक्ष्यांना बिनऔषधाचं खाद्य लागतं. ताईचे पक्षी आज चार वाजता विक्रीला जायचे होते.

ताई फोन उचलेना. स्कूटरवर तो सिग्नलला पाय टेकवत होता, उचलत होता, उगीच हॉर्न वाजवत होता. पोचला तेव्हा निम्मी गाडी भरली होती.

"गाडी थांबव, ताई." त्यानं एका दमात सगळं सांगितलं.

"धडधाकट आहेत की रे पक्षी!"

"त्यांना काही होत नाही. औषध मांसात राहतं. खाणाऱ्याच्या पोटात जातं."

"किती?"

"तपासल्याशिवाय कळत नाही."

"म्हणजे नसेलही."

"नसेलही," तो म्हणाला. हे वाक्य त्याला वाटेत दहादा सुचलं होतं.

ड्रायव्हर ओरडला, "बहीणभावाचं नंतर! पक्षी उन्हात मरतायत."

ताईनं कपाळावरचं पीस झटकलं. "आज गाडी परतवली तर पुढची मिळेल याचा भरवसा नाही. आणि व्यापारी कारण विचारील तेव्हा ठपका माझ्या शेडवर येईल. आधी गिरणीत फोन लाव. माझ्यासमोर."

"नोकरी जाईल माझी."

"लाव."

बोट दोनदा चुकलं. पलीकडून मॅनेजरचा आवाज आला.

"साहेब, मास्तर बोलतोय. परवाच्या घाण्यात चूक झाली. माझ्याकडून."

"कसली चूक?"

तो तोंड उघडतो तोच मागे पक्ष्यांचा पहिला क्रेट गाडीतून जमिनीवर आदळला. त्याचं सांगून संपायची वाट न बघता ताई गाडीवर चढून क्रेट उतरवू लागली होती.