पुढचं पान कोणी ऐकलंच नाही

मित्रांनो, मी एक जुनी चिपळ्यांची जोडी आहे. अंग शिसवीचं, पितळेच्या चकत्या चार, त्यांतली एक तडकलेली. सध्या दहिसरच्या एका शाळेतल्या लोखंडी कपाटात राहते. शेजारी तुटका पृथ्वीगोल आणि झुरळांची अंडी. पूर्वी मला झुरळांची किळस यायची. आता येत नाही. त्याहून घाण मी पाहिली आहे.

मला सावंतवाडीच्या एका सुताराने घडवलं. पुढे दत्ताराम बुवांनी मला बोटांत घातलं ते तीस वर्षं. बुवा नदीकाठच्या देवळात कीर्तन करत. निरूपण ऐन रंगात आलं की मध्येच थांबत आणि मागे बसलेल्या एखाद्याला विचारत, "काय हो, कळलं ना? नाही? मग माझं चुकलं. परत सांगतो." मग मी पुन्हा पहिल्यापासून वाजायचे. देवाचं नाव घेणाऱ्या माणसाला "माझं चुकलं" म्हणायला लाज वाटत नाही, एवढं मी त्या देवळात शिकले.

बुवांची बोटं सुजून धरेनाशी झाली, तेव्हा त्यांच्या मुलीने, नलिनीबाईंनी, मला याच शाळेतल्या आपल्या दुसरीच्या वर्गात नेलं. बाईंनी सगळ्या मुलांना एका दावणीला कधी बांधलं नाही. सिद्धेशला फळ्यावरचं कळेना, तर परातीत रवा पसरून त्याला बोटाने अक्षरं गिरवायला लावली. श्वेता आधी चित्र काढायची, मग त्याखाली शब्द लिहायची.

आणि सिंथिया. बोरिवलीच्या जुन्या गावठाणातली. गोष्टी सांगायला पटाईत, पण पुस्तक उघडलं की रडवेली. बाईंनी मला तिच्या हातात दिलं.

"अक्षराखाली बोट ठेव गं. एक अक्षर, एक ठोका. घाई कोणाला आहे?"

तिच्या घरची प्रार्थना वेगळी, माझी वेगळी. पण ठेक्याने तशी काही चौकशी केली नाही. छन्... छन्... नाताळच्या आधी तिने पहिली ओळ वाचली आणि ओरडली, "बाई, अक्षरं आता पळत नाहीत!"

बाईंनी मला कपाळाला लावलं. मित्रांनो, तेवढा मान मला देवळातही मिळाला नव्हता.

उन्हाळ्यात बाई निवृत्त झाल्या. सिंथिया तिसरीत गेली. तिला जेमतेम एकेक ओळ येऊ लागली होती. कोणी सोबत बसलं नाही, तर तीही ओळ हातची सुटणार होती. तिसरीला होते जयवंत सर. मला पाहून म्हणाले, "हे काय भजनी मंडळ आहे?" मग टेबलावर मला आपटून ओरडले, "ए, गप्प बसा रे!" माझी चकती तडकली ती तेव्हा. ज्या तोंडाने हरिनामाला साथ केली, त्याच तोंडाने पोरांना दरडावायचं! शी! त्यानंतर कपाट.

जानेवारीत शाळा पाहायला पाहुणे येणार म्हणून मला बाहेर काढलं, फिनेलच्या फडक्याने पुसलं. भिंतीवर रंगीत फलक लागला : 'प्रत्येक मूल वेगळं, प्रत्येकाची रीत वेगळी'. कोऱ्या परातीत नवा रवा. सिद्धेशला त्या रव्याला हात लावायची मनाई, नाहीतर फोटोत तो विस्कटलेला दिसेल.

सर सिंथियाला म्हणाले, "हा धडा पाठ कर. हे वाजव, बोट फिरव, पुस्तकात बघ. वाचल्यासारखं दिसलं पाहिजे."

"सर, पण मी खरंच वाचते ना. हळू."

"हळू बघायला वेळ कोणाला आहे? वाट लावू नकोस माझी."

पाहुणे आले. सिंथिया उभी राहिली, घडाघडा बोलली. तिचं बोट आवाजाच्या दोन ओळी मागे होतं आणि मी वर छान ठेका देत होते. आयुष्यात पहिल्यांदा मी खोटं वाजले. स्वतःचीच शिसारी आली. टाळ्या पडल्या, फोटो निघाले.

पण सिंथिया खाली बसेना.

"सर, पुढचं पान उलटू? ते मला पाठ नाही. ते वाचून दाखवते."

"वा, स्मार्ट आहे हं मुलगी!" पाहुणे म्हणाले आणि वडापावकडे वळले. बोटांची चटणी पुसायला त्यांनी हाताला लागेल तो कागद घेतला. श्वेताचं चित्र होतं ते.

फलक उतरेपर्यंत सिंथियाने स्वतःच पान उलटलं. कोपऱ्यात एकटी बसून वाचू लागली. छन्... छन्... पहिला शब्द आला. दुसरा आला. तिसऱ्यावर ती अडली. मान वर करून तिने कोणी दिसतंय का पाहिलं. आले ते सर.

"दे इकडे. कपाट बंद करायचंय."

मित्रांनो, म्हणून मी इथे आहे, आणि ती तिथे तिसऱ्या शब्दापाशी. मला बाहेर काढा, पुसा, हार घाला, असं माझं मागणं नाही. ठेका बाकावरही धरता येतो. तुमच्या शेजारी अशी कोणी अडलेली असेल, तर हसू नका, टाळ्याही वाजवू नका. तिच्याजवळ बसा. नाही कळलं, तर बुवांसारखं म्हणा, "माझं चुकलं, परत सांगतो."

आणि पान उलटायची घाई करू नका. आधी तो तिसरा शब्द.