जोडीच्या पट्ट्या

वहिनी घरी बसून भरतकामाची डिझाइनं करायची. पडद्यांवर, चादरींवर मशीन जे भरतकाम करतं, त्यातला प्रत्येक टाका आधी तिच्या कॉम्प्युटरवर पडायचा आणि मग पेन ड्राइव्हमधून कारखान्यात जायचा. व्याप लहान होता, पण तिने स्वतः उभा केलेला. म्हणून नोकरी सुटल्यावर नणंद राहायला आली तेव्हा वहिनीने कपाटातला एक कप्पा तिला रिकामा करून दिला, पण कॉम्प्युटरच्या खोलीत तिला फारसं फिरकू दिलं नाही.

नणंदेला घरात सगळे बाबी म्हणायचे. एका ऑफिसात कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम तिने बरीच वर्षं केलं होतं. बोलायला गोड, हाताची चलाख. वहिनीला ते गोड बोलणंच खुपायचं.

त्यात हळूहळू एकेक गोष्ट नजरेत येऊ लागली. कारखान्यातून परत यावं तर कॉम्प्युटरपुढच्या खुर्चीची उंची कमी केलेली. एकदा तर खुर्चीची गादी चक्क गरम लागली. मग एके दुपारी कपडे वाळत घालताना पलीकडच्या खिडकीतून फोनवर बोलणाऱ्या बाबीचा दबका आवाज आला, "फाइल अजून तयार नाही गं. वहिनीला इतक्यात कळू देऊ नकोस."

वहिनी हातातला चिमटा तसाच धरून उभी राहिली.

रात्री तिने नवऱ्याच्या कानावर घातलं. तो म्हणाला, "तुला तर स्वतःच्या सावलीचासुद्धा संशय येतो. बहीण आहे ती माझी."

"म्हणूनच तुला दिसत नाही," वहिनी म्हणाली आणि कूस बदलून झोपली.

त्याच आठवड्यात एका मोठ्या पडद्याचं काम आलं. खालपासून वरपर्यंत वेल, पानापानात तीन रंग. फाइल उघडली की कॉम्प्युटर गोठायचा. बाबी दारातून पाहत होती.

"वहिनी, रॅम, म्हणजे मेमरी, कमी पडतेय. आत चार-चार जीबीच्या दोन पट्ट्या आहेत आणि दोन खाचा रिकाम्या. आहे तशीच आणखी एक जोडी टाकली की झालं."

आत किती पट्ट्या आहेत हे हिला कसं माहीत? वहिनीने विचारलं नाही, मनात मात्र ठेवलं.

"एक पट्टी काढून दुकानात नेते, म्हणजे तंतोतंत मिळेल," बाबी म्हणाली.

"नको. फोटो काढून दे. मीच आणते."

बाबीने वायर काढली, कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण उघडलं आणि पट्टीवरच्या लेबलचा फोटो काढून दिला. "कंपनी, जीबी आणि हा वेगाचा आकडा, तिन्ही जुळायला हवीत," तिने बजावलं. वहिनीने मान डोलावली. बाबी पाणी प्यायला गेली तेवढ्यात तिने दोन्ही जुन्या पट्ट्यांच्या लेबलवर नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला. उद्या अदलाबदल झाली तर कळायला नको?

दुकानदाराने फोटो पाहिला न पाहिल्यासारखा केला. "हीच कंपनी, हेच जीबी. उलट थोडी जास्तच फास्ट आहे," म्हणाला. जास्त फास्ट म्हणजे चांगलीच, असं समजून वहिनीने जोडी घेतली.

घरी आल्यावर बाबीने पट्ट्या बसवल्या, खाचेच्या कडेची क्लिप टक्‌कन लागेपर्यंत दाबल्या. वहिनी शेजारी स्टूल घेऊन तिच्या बोटांवर नजर लावून बसली होती. कॉम्प्युटर सुरू झाला, सोळा जीबी दिसले, वेल उघडली. बाबीने हात झटकले.

संध्याकाळी वेलीच्या अर्ध्या पानावर स्क्रीन निळी झाली आणि कॉम्प्युटर बंद पडला. पुन्हा चालू केला, पुन्हा निळी. दोन तासांचं काम गेलं.

वहिनीचा तोल सुटला. "काय केलंस तू आत? माझं काम बंद पाडायचंय तुला?"

"मी कशाला बंद पाडू?"

"मी बाहेर पडले की माझ्या खुर्चीत कोण बसतं? आणि कसली फाइल मला कळू द्यायची नाहीये?"

बाबीचा चेहरा उतरला. तिने डबा पुन्हा उघडला. नव्या पट्ट्या काढून जुन्यांवर चालवून पाहिलं, ठीक. जुन्या काढून नुसत्या नव्यांवर पाहिलं, तेही ठीक. मग तिने दोन्ही लेबलं दिव्याखाली धरली आणि लाल ठिपका पाहून थबकली.

"वेग वेगळा आहे. काही मशीनं जमवून घेतात, आपलं घेत नाहीये." मग खाली मान घालून म्हणाली, "आणि हो, बसते मी. बघ."

जुन्या पट्ट्या लावून तिने कॉम्प्युटर चालू केला आणि एक फोल्डर उघडलं. आत शाळेच्या बिल्ल्यासाठी काढलेली एक चिमणी होती. "मैत्रीण ओळखीच्या शाळेचं काम देणार आहे. तू असली छोटी कामं घेत नाहीस. जमलं असतं तर सांगणार होते. नाही जमलं तर हसं नको व्हायला."

वहिनी चिमणीकडे पाहत राहिली. आपल्याच घरात, आपल्याच खुर्चीत, आपलंच काम चोरून शिकलेली ही. राग गेला नव्हता. पण डोळे सवयीने टाके मोजू लागले होते.

"पोटात इतके दाट टाके घातलेस तर सुई तुटेल," ती अखेर म्हणाली. "आणि चोच शेवटी घ्यायची, आधी नाही."

दुसऱ्या दिवशी दोघी दुकानात गेल्या. दुकानदार कुरकुरत बदलून द्यायला तयार झाला. बाबी जुन्या पट्टीवरचे आकडे मोठ्याने वाचत होती आणि वहिनी नवीनवर बोट ठेवून एकेक ताडून पाहत होती.

"पोलिसातल्या आहात का हो दोघी?" दुकानदार वैतागला.

"नणंद-भावजय," बाबी म्हणाली.

पडदा वेळेत गेला. चिमणीची फाइल वहिनीने तीनदा परत केली, चौथ्यांदा पास केली. त्यानंतर कारखान्यात जाताना ती एकदा जिन्यावर थांबली, परत वर जाऊन बाबी खुर्चीत बसलीय का ते बघावं का म्हणून. मग उशीर होत होता म्हणून खाली उतरली.