बोटांनी वाचायची गोधडी

मित्रांनो, मी एक जुनी गोधडी आहे, पण माझ्यात धड कापड वीतभरही सापडणार नाही. दुधाच्या धुतलेल्या पिशव्या, गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या, कांद्यांची जाळी, सायकलची फुटकी ट्यूब, असा माझा गोतावळा. घरचा कचरा म्हणा हवं तर, मला राग नाही.

मला शिवणाऱ्या बाईंनी चाळीस वर्षं शाळांचे गणवेश शिवले. सगळे त्यांना मावशी म्हणतात. एक दिवस डॉक्टरांनी त्यांना सांगितलं, "डोळ्यांत आता वर्षभराचाच उजेड आहे." मुलाच्या जिवाला घोर नको म्हणून मावशींनी ते त्याच्यापासून लपवलं आणि घरातली अडगळ उपसायला घेतली. दिसेनासं झाल्यावरही आपलं घर ओळखता येईल, असं काहीतरी त्यांना हवं होतं.

रंगांकडे त्यांनी पाहिलंच नाही. तुकडा उचलायचा, डोळे मिटायचे, वरून बोट फिरवायचं. ओळख पटली, तरच तो माझ्यात. यजमान वारले होते, त्यांच्या छत्रीचं कापड शिवणींसकट मधोमध आलं. मुलाच्या पहिल्या चपलेचा पट्टा एका कडेला लागला. आणि छत्रीच्या शेजारी धाकट्या लेकीच्या रेनकोटचा खिसा. ती पोर सातव्या वर्षी तापाने गेली. खिशाचं टिचबटण मावशींनी मुद्दाम तसंच ठेवलं. तिथे त्यांचं बोट आत जायचं आणि बराच वेळ बाहेर यायचं नाही.

मी पुरी झाले आणि थोड्याच दिवसांत मावशींचे डोळे गेले. मुलाला तेव्हा कळलं. तो लहान पोरासारखा रडला. मी कशासाठी आहे, हे मात्र त्याला कोणीच सांगितलं नाही. त्यात सांगायचं काय, असं मावशींना वाटलं असेल. सांगायला हवं होतं हो!

आईचं कौतुक व्हावं म्हणून मुलाने मला टाकाऊ वस्तूंच्या प्रदर्शनात नेलं. परीक्षक बाई म्हणाल्या, "काय धीट रंगसंगती आहे!" मला हसावं की रडावं कळेना. पहिलं बक्षीस मिळालं. तिथून मुलाने मला थेट फ्रेमवाल्याकडे नेलं.

"साहेब, अशीच ठेवाल तर धूळ खाईल," फ्रेमवाला म्हणाला. "वरून पारदर्शक लेप ओततो. नातवंडं बघतील."

माणूस वाईट नव्हता, जीव ओतून काम केलं त्याने. लेप माझ्या प्रत्येक सुरकुतीत, प्रत्येक शिवणीत भरला. खिसाही काठोकाठ भरला. दोन दिवसांत मी दगड झाले. वरून आरशासारखी गुळगुळीत.

"आई, हात लाव," घरी आल्यावर मुलगा म्हणाला. "आता ही कधीच खराब होणार नाही."

मावशींनी हात लावला. तळहात या टोकाचा त्या टोकाला गेला, पुन्हा परत आला. मग त्या नखांनी चाचपू लागल्या.

"कुठंय रे?"

"काय, आई?"

"खिसा. आपल्या छकुलीचा."

मुलाच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने सुरी आणून माझा एक कोपरा खरवडला. लेपाबरोबर जाळीही उपटून आली. तो आवाज ऐकून मावशींनी त्याचं मनगट धरलं. "राहू दे बाळा. उरली आहे तेवढी तरी राहू दे."

मित्रांनो, कुणाची वस्तू जपायला घ्याल, तेव्हा ती त्याला कशासाठी हवी आहे, एवढं आधी विचारा. माझ्या बाबतीत ते राहून गेलं, आणि आता उपाय नाही. तसा दुसरा रेनकोट नाही, मावशींना सुई ओवता येत नाही.

रोज दुपारी मावशी मला टांगलंय त्या भिंतीशी येतात, खिसा जिथे असेल असं वाटतं तिथे बोट टेकवतात. अंदाज चुकतो, चांगला वीतभर चुकतो. मला ओरडून सांगावंसं वाटतं, मावशी, जरा डावीकडे. पण डावीकडेही त्यांना तेच लागणार आहे.