दादू तांडेलाचा घाम

"काढा आधी तो रेनकोट!" सुगंधा ओरडली. बांबूच्या वलांडीवर बोंबील टांगणारा दादू मागे न बघताच म्हणाला, "गप गो. चरबी वितळतेय."

मे महिन्याचं, मढच्या किनाऱ्यावरचं ऊन. वाळू अशी तापलेली की कुत्रीसुद्धा होड्यांच्या सावलीत शिरलेली. आणि हा बासष्ट वर्षांचा तांडेल पोटाला प्लास्टिक गुंडाळून, वर रेनकोट चढवून कामाला उभा. डॉक्टर म्हणाले होते, पोट उतरलं, प्रेशर खाली आलं, तरच समुद्रात जायचा दाखला देईन. बोटीचा मालक चंद्रप्रकाश अडून बसला होता. दाखला नाही, तर नारळी पुनवेनंतर सुकाणूवर दुसरा माणूस. चाळीस वर्षं तांडेल म्हणून सुकाणू धरलेल्या दादूला हे मरणाहून वाईट. सुगंधा मात्र मनातून सुखावली होती. यंदा तरी नवरा डोळ्यांसमोर राहील.

पाच दिवस हेच चाललं होतं. संध्याकाळी मासळीच्या काट्यावर दोन किलो कमी दिसले की दादू खूश. सकाळी वजन पुन्हा तेवढंच. मग त्याने ठरवलं, हे पाणीच चरबी परत आणतंय. कालपासून त्याने पाणी सोडलं होतं.

"दोन घोट तरी घ्या."

"नको म्हटलं ना! उद्या बघ, झकास उतरतो की नाही."

शेजारची लता हसली. "भावोजी, असेच वाळलात तर वहिनी तुम्हांला बोंबलांबरोबर बाजारात नेतील हां!"

सुगंधा हसली नाही. मघापर्यंत दादूच्या कपाळावरून घामाच्या धारा वाहत होत्या. आता कपाळ कोरडं होतं, चेहरा लालभडक, आणि बोंबील बांबूवर न अडकता खाली वाळूत पडत होते.

"अवो, इकडे बघा. बघा माझ्याकडे!"

त्याने बघितलं, पण नजरेत ओळख नव्हती. बांबू धरायला गेलेला हात हवेतच राहिला आणि तो कोसळला.

दोघींनी त्याला ओढत होडीच्या सावलीत नेलं. सुगंधाने कोयत्याने प्लास्टिक टराटरा कापलं, लताने बर्फाचं पाणी अंगावर ओतलं. रिक्षात त्याचं डोकं मांडीवर घेऊन सुगंधा ओल्या पदराने वारा घालत राहिली. नवरा घरी राहील म्हणून सुखावल्याची तिला आता लाज वाटत होती.

दवाखान्यात दोन दिवस सलाईन चढलं. घरी आल्या आल्या दादू काट्यावर उभा राहिला. शहाऐंशी किलो. जिथून निघाला, तिथेच.

"एवढा घाम गाळला, तो गेला कुठे?" त्याने काट्यावरूनच विचारलं.

"जन्म मासळीत गेला तुमचा," सुगंधा म्हणाली. "खारा बांगडा उन्हात लाकडासारखा होतो. तरी तव्यावर टाकला की तेल सुटतंच ना? ऊन पाणी नेतं, तेल नाही नेत."

दादू काट्यावरून खाली उतरला. मग हळूच म्हणाला, "पुनवेला तीन महिने आहेत."

"आहेत ना. उद्यापासून सकाळी किनाऱ्याने चालायचं. मी येते बरोबर. गोळ्या चुकवायच्या नाहीत." तिने ताट पुढे सरकवलं. तांदळाची एकच भाकरी, वाटीभर कालवण.

दादूने भाकरी संपवली. सवयीने हात भाकऱ्यांच्या टोपलीकडे गेला, झाकणापाशी थांबला.

"उचल ती टोपली इथून," तो खेकसला, आणि तांब्या तोंडाला लावून घटाघटा पाणी प्याला.